बाजूची खुर्ची

तो खरं तर माउस घ्यायला आला होता.

मी त्या वेळी चौतीस इंची मॉनिटरशी झटापट करत होते. खोका आडवा, मॉनिटर आत अडकलेला आणि थर्माकोलचा भुगा माझ्या केसांत!

“धरू का?” दारातून आवाज आला.

“विचारताय काय? धरा ना!” मी खेकसले. गिऱ्हाइकावर खेकसायचं नाही, हे चंदरकाकांनी मला दुकानात घेतलं तेव्हाच बजावलं होतं. पण माझा स्वभावच उतावळा, काय करणार?

त्याने मॉनिटर अलगद बाहेर काढून टेबलावर ठेवला. मग माझ्या केसांकडे बघून हसला… आणि माउस विसरूनच गेला.

बोर्ली पंचतनच्या बाजारातलं आमचं कॉम्प्युटरचं दुकान तसं लहानच. हा प्रज्योत आला होता पार हरिहरेश्वरहून. देवळात येणाऱ्या लोकांसाठी त्याच्या घरी खोल्या आणि जेवणाची सोय होती. बुकिंगचं सगळं तो सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात गेम खेळायचा.

“गेमसाठी मॉनिटर बदलायचाच आहे,” तो म्हणाला. “दोन-तीन दाखवाल?”

मी दोन शेजारी शेजारी लावले. एक तो चौतीस इंची, कडांनी आत वळलेला. दुसरा सत्तावीस इंची, सपाट. दोन्हींवर गाड्यांचा एकच गेम.

“वळलेला घ्या, शिवानीचं ऐका,” मी ऐटीत म्हटलं. “मधोमध बसलं की रस्ता अंगावर येतो. एकट्याला खेळायला हाच!”

“विचार करतो,” म्हणून तो गेला, आणि दोन दिवसांनी परत आला. मग पुन्हा आला. एकदा म्हणाला, “एकट्याने काय कळणार? तुम्हीही खेळा.” मी खेळले आणि त्याला सरळ हरवलं. तेव्हा तो जो काही हसला… त्या रात्री मला झोप लागेना.

मॉनिटर विकणं हे माझं काम. पण तो ‘हाच देऊन टाका’ म्हणायला लागला, की मीच खोट काढायची. “याचा स्टँड खाली-वर होत नाही हं…” “उजेडात हा जरा मंद वाटेल…” चंदरकाका चष्म्यावरून बघत राहायचे.

एक दिवस तो खुर्चीतून उठला आणि अगदी कडेला जाऊन, मान वाकडी करून वळलेल्या मॉनिटरकडे बघू लागला.

“इथून रंग फिके दिसतात. सपाटवर नाही दिसत.”

“तिथे बसून कोण गेम खेळतं?”

त्याचे कान लाल झाले. “तसं नाही… बाजूला कुणी बसलं तर?”

कुणी म्हणजे कोण? त्यातच मामाने पनवेलचं स्थळ आणलं होतं आणि आईला शनिवारी उत्तर हवं होतं. मुलगा चांगला होता. माझ्या तोंडून ना हो निघत होतं, ना नाही.

बुधवारी मी बँकेतून परतले तर टेबलावरची एक जागा रिकामी.

“सपाटवाला नेला त्याने,” चंदरकाका म्हणाले. “पाच मिन्टांत उरकलं. तू इतके दिवस काय करत होतीस गो?”

संपलं होतं सगळं. आता तो कशाला येईल? चिडून ड्रॉवर उघडला, तर आत त्याच मॉनिटरची केबल! दाखवण्यासाठी मीच काढून ठेवली होती. साध्या केबलवर तो मॉनिटर साठ हर्ट्झच्या वर जात नाही, चित्र अडखळतं. गेमवाल्याला ते चालणारच नाही. म्हणजे तो येणार!

गुरुवारी आला नाही. शुक्रवारीही नाही. दारात बाइक थांबली की मी उठायची, परत बसायची. पॅकिंगच्या प्लास्टिकचे सगळे फुगे फोडून झाले.

शनिवारी चंदरकाका म्हणाले, “कुरिअर कर ती केबल.”

“कुरिअर कशाला? मीच देऊन येते!”

स्कूटर काढली. भरडखोलच्या सुकटीचा वास, शेखाडीचा समुद्र, श्रीवर्धन… कशाकडे लक्षच नव्हतं. हरिहरेश्वरला अंगणात त्याची आई तांदूळ पाखडत होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं.

“तूच काय गो ती? जा, आत हाय तो.”

आत मॉनिटर होता. समोर प्रज्योत, आणि त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. तो दचकून उठला.

“ही केबल!” मी ती टेबलावर आदळली. “चित्र अडखळतंय ते दिसत नाही?”

“दिसतं ना. डोकं उठलंय.”

“मग आला का नाहीत?”

“केबल नेली असती की काम संपलं असतं. तुमच्याकडे यायला तेवढं एकच निमित्त उरलं होतं… ते वापरायचा धीर होईना.”

मला इतका राग आला, इतका राग आला की डोळेच भरले.

“आणि मी तीन दिवस रस्त्याकडे बघत बसले, त्याचं काय? आवडतोस तू मला, कळतं का काही?”

बोलून गेले आणि जीभ चावली.

तो हळूच हसला. त्याने ती रिकामी खुर्ची माझ्याकडे ओढली. “इतके दिवस तेच तर बघत होतो, शिवानी. इथे बसून तुला नीट दिसेल की नाही…”

मी फोन काढला. “आई, पनवेलच्यांना नाही सांग. हो, पक्कं. आल्यावर सांगते.”

मग मी त्या खुर्चीत बसले. प्रज्योतने नवी केबल जोडली, गाड्या झरझर धावू लागल्या.

“दिसतंय ना नीट?” त्याने विचारलं.

मी मॉनिटरकडे बघतच नव्हते.

“दिसतंय,” मी म्हटलं.