मोरचुदाचे हात

सायखेड्याच्या भिकनआप्पांच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, तयार करावं ते धनराजनेच. एका ड्रमात मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, विरघळवायचं, दुसऱ्यात चुना, आणि दोन्ही मिळून तिसऱ्यात ओतायचं. चुना कमी पडला तर पानं करपतात, म्हणून तो आधी लोखंडी विळा द्रावणात बुडवी. पात्यावर तांबडा थर चढला की समजायचं, तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. पातं कोरं निघालं की फवारा. आप्पांच्या शिकलेल्या पुतण्याने तपासणीच्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या, त्या धनराजने फळीवर ठेवल्या त्या ठेवल्याच. ढवळायला त्याला काठीही चालत नसे. "काठीला काय कळतंय?" म्हणत बाही वर सारायची आणि कोपरापर्यंत हात घालून चुन्याची कचकच बोटांनी चाचपायची. पेठच्या डोंगरातून मजुरीला उतरलेल्या माणसाला बागाईतदारांच्या गावात एवढा एकच तोरा होता, आणि तो त्याला चांगलाच महागात पडला.

नऊ वर्षं त्याच्या हातांना इसब होता. कातडी जाड होऊन चिरायची, चिरांतून पाणी सुटायचं, थंडीत रक्त. मलमं झाली, झाडपाला झाला. सवय झाली म्हणून त्याने तेही सोडून दिलं. पण लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर रोशनी जन्मली, आणि तसल्या हातांनी त्याला लेकीला घेववेना. त्याची बायको फुलाबाई पोरीला टॉवेलात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवी. टॉवेलातून लेक किती कळणार? तो मनातून फार कष्टी होता.

शेवटी तो नाशिकला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी रक्त तपासून घेतलं.

"तांबं, जस्त शरीराला लागतंच दादा, पण कणभर. तुमचं तांबं दुपटीवर गेलंय आणि जस्त उतरलंय. ते काम आधी सोडा."

आप्पांनी कुरकुरत का होईना, त्याला द्राक्षं भरण्याच्या शेडमध्ये घेतलं. तीन आठवड्यांत हात बरे झाले. नुसते बरे नाहीत, खपल्या गेल्या, घट्टे गेले, विळ्याने कधीकाळी कापल्याचा व्रणही गेला. फुलाबाई म्हणाली, "लय भारी औषध दिलं बाईंनी."

मग एका सकाळी शेळीला गवत कापताना त्याने पात्यावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा गेला तिथे तांबडी रेघ उठली.

कुठेतरी मोरचूद चिकटलं असेल, म्हणून त्याने साबणाने हात धुतले. दुसऱ्या दिवशी दाराच्या गंजक्या कडीवर चार बोटं उमटली, नव्या तांब्याच्या कळशीसारखी लखलखीत. राखेने घासली तरी जाईनात. फुलाबाईने कडीला फडकं बांधून टाकलं. शेजारीपाजारी विचारायला नकोत, एवढाच तिचा हिशेब.

पुन्हा रक्त दिलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.

"तांबं दिसतच नाही. तीनदा तपासायला लावलं मी. थकवा येतो? चक्कर?"

"नाय बाई. लय बरं वाटतंय."

"तांब्याशिवाय माणूस चालूच शकत नाही. मशीनचं काहीतरी चुकलं असेल." पण बोलताना त्या त्याच्या हातांकडेच बघत होत्या.

धनराजला मशीनशी काय देणंघेणं? तो घरी आला आणि टॉवेल न घेता त्याने रोशनीला उचललं. नऊ महिन्यांच्या पोरीची पाठ तळहाताला लागली. ती ऊबदार होती, थोडी घामट होती. तो दारातच बसला आणि रडला, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. तेव्हापासून काम सुटलं की रोशनी बापाच्या अंगावर. चार दिवसांत त्याच्या बोटांनी लोखंड तांबडं व्हायचंही थांबलं. सुटलो एकदाचा, त्याला वाटलं.

रोशनी वर्षाची झाली तेव्हा जावळ काढायचं ठरलं. मामाने, म्हणजे फुलाबाईच्या भावाने, बुधाने पोरीला मांडीवर घेतलं. लखन न्हाव्याने पहिला हात फिरवला, वस्तरा फडक्याला पुसला, परत पुसला. मग तो धनराजपुढे धरला.

पातं तांबडं झालं होतं.

केस गेलेल्या जागी, दोन्ही कानांमागे, कातडी चिरून पाणी सुटलं होतं. ते पाणी धनराज ओळखत होता.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या रक्तातला तांब्याचा आकडा सांगितला नाही. कागद पालथा ठेवून त्यांनी विचारलं, "हिला तांब्याच्या भांड्यातलं पाणी देता का?"

"घरात तांबं नाय बाई," धनराज म्हणाला. "प्लास्टिकची कळशी हाय."

त्या दिवसापासून त्याने लेकीला हात लावणं सोडलं. ती रांगत यायची, हात वर करायची, आणि तो हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा राहायचा. पोरगी रडायची. चट्टे मात्र वाढतच गेले, कोपराच्या खळग्यांत, गुडघ्यांमागे. त्याच्या हातांवर साधी पुटकुळी नाही.

मग त्याने सरळ विचार केला. जे आपलं होतं ते पोरीकडे गेलंय. ते परत आपल्याकडे घ्यायचं.

सकाळी लवकर तो बागेत गेला. एका ड्रमात मोरचूद विरघळवलं, नेहमीच्या चौपट. चुना घेतलाच नाही. निळ्याशार पाण्यात त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि आग व्हायची वाट पाहत उभा राहिला.

आग झाली नाही.

हातांभोवतीचं पाणी फिकं व्हायला लागलं. आधी बोटांजवळ, मग मनगटाजवळ, मग कडेपर्यंत. पावएक तासाने ड्रमचा तळ दिसला.

त्याने विळा बुडवला. पातं कोरं निघालं.

ड्रमभर तांबं आपल्यात आलं, म्हणजे पोरीचंही येईल. त्याला इतका आनंद झाला की ओल्या हातांनीच त्याने फोन काढला. तेवढ्यात तो वाजला. फुलाबाईचा होता.

"रोशनी कशी हाय?" त्यानेच आधी विचारलं.

"चांगली खेळत व्हती. आत्ता पावएक तासापासून रडतीया, थांबंना." फुलाबाईचा आवाज बारीक झाला होता. "अवं, मी तिचे डोळे पुसले. फडकं निळं झालंया."