काळ्या टी-शर्टचं धुरांडं

पंखा नसलेला कूलर हवा खेचू शकेल का? तुम्ही म्हणाल, छे! मीही एकवीस दिवस तेच म्हणत होते, कारण असला एक कूलर आमच्या अंगणात उभा होता आणि त्याच्यापायी मला जीव नकोसा झाला होता.

माझी शलाकाताई आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प म्हणजे माझ्याच शाळेसाठी एक वर्गखोली, विजेशिवाय गार राहणारी. आमच्या चंद्रपुरात आता मार्चपासूनच पारा पंचेचाळीसला टेकतो. म्हणून मार्च ते जून शाळा बंद ठेवतात आणि आम्ही घरी पडद्यासमोर बसून शिकतो. सलग तीन वर्षं! पडद्यातून मैत्रिणीला चिमटा तरी कसा काढायचा? सोमवारी दुपारी दोन वाजता परीक्षक येणार होते. अंगणात उभ्या केलेल्या छोट्या नमुन्याच्या आत चौतीस अंशांपेक्षा कमी भरलं, तर खरी खोली बांधून उन्हाळ्यातही शाळा भरवायचं शाळेनं कबूल केलं होतं. मला ती खोली हवी होती, म्हणून तर ताईचा इतका राग येत होता.

कारण ताईचं प्रत्येक वाक्य 'वालावलकरबाई म्हणतात' इथूनच सुरू व्हायचं. मालती वालावलकर समुद्रकाठी सुंदर घरं बांधतात. त्यांच्या घरांवर उंच पांढरी धुरांडी असतात. धुरासाठी नाही, आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून. ताईनं त्यांच्या पुस्तकातले फोटो बघून बघून तस्संच केलं. पलंगाएवढी खोली, एका बाजूला खाली ओल्या वाळ्याचा पडदा आणि दुसऱ्या बाजूला वर पत्र्याचं पांढरंशुभ्र धुरांडं. नमुना ठेवायला जागा हवी म्हणून तिनं अंगणातली कपड्यांची दोरीसुद्धा सोडून टाकली.

रविवारी दुपारी ताईनं वाळ्यापाशी उदबत्ती लावली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो तिथेच घुटमळत राहिला.

"मापाड्या, आतलं तापमान?"

"एक्केचाळीस." मापाड्या म्हणजे ताईच्या कॉलेजनं दिलेला गुडघ्याएवढा यंत्रमानव. सगळं अचूक मोजतो आणि तेवढंच डोकं उठवतो.

"अरे, पण चुकतंय कुठे?"

"विद्यार्थ्यानं स्वतः शोधल्याशिवाय मी सांगायचं नाही, असा नियम आहे."

ताईनं कपाळावर हात मारला. "बाईंचं चालतं, मग माझं का नाही?"

"अजून पांढरं कर!" मी खेकसले. तर ती खरंच रंगाचा डबा आणायला आत गेली!

तेवढ्यात आई बादली घेऊन आली. "अवो रेवू, तुझा हा कबड्डीचा टी-शर्ट कुठं वाळू घालू? दोरी काहून काढली या पोरीनं?"

माझं डोकंच फिरलं. मी तो काळा टी-शर्ट आईच्या हातातून घेतला आणि धुरांड्याच्या अंगात चढवला. गळ्यातून त्याचं तोंड तेवढं बाहेर राहिलं.

ताई बाहेर आली ती किंचाळतच. "काढ तो! डाग पडेल!"

"नाही काढत! एकवीस दिवस माझे कपडे खुर्चीवर वाळून राहिले!"

आमचं चांगलंच जुंपलं. आमच्याकडच्या उन्हात टी-शर्ट वाळायला दहा मिनिटं पुरतात. तो वाळला तरी आम्ही भांडतच होतो.

"चाळीस," मापाड्या न विचारताच म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "एकोणचाळीस."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. उदबत्तीचा धूर आडवा होऊन वाळ्यात शिरत होता. ताईनं टी-शर्टला हात लावला आणि चटका बसल्यावर झटकन मागे घेतला. मग तिनं तो काढून पाहिला. हळूहळू धूर पुन्हा घुटमळायला लागला. परत घातला, धूर परत आत.

"काळा रंग!" ताई ओरडली.

"आता सांगू शकतो," मापाड्या म्हणाला. "काळी वस्तू ऊन शोषून घेते, पांढरी परतवते. टी-शर्ट तापला, त्यानं पत्रा तापला, पत्र्यानं आतली हवा तापली. तापलेली हवा प्रसरण पावते (पसरून जास्त जागा घेते). त्यामुळे तिची घनता (तेवढ्याच जागेत मावणारं वजन) कमी होते आणि ती वरून निघून जाते."

"मग तिची जागा रिकामी राहते?" मी विचारलं.

"नाही. तिथे खोलीतली हवा येते आणि खोलीत बाहेरची. बाहेरच्या हवेला वाट एकच आहे."

"ओला वाळा!"

"हो. तिथे पाण्याचं बाष्पीभवन होतं (पाण्याची वाफ होते). त्यासाठी लागणारी उष्णता पाणी हवेकडून घेतं, म्हणून हवा गार होऊन आत शिरते."

म्हणजे ऊनच आमचा पंखा होता! जितकं रणरणतं, तितका जोरात चालणारा.

"मग बाईंचं पांढरं कसं चालतं?" ताईनं विचारलं.

"पुस्तकाचं पहिलं पान वाच."

त्या पानावर फोटो नव्हता, म्हणून ताईनं ते सोडून दिलं होतं. तिथे लिहिलं होतं, 'माझ्या गावी दिवसभर समुद्रावरून वारा येतो. धुरांड्याच्या तोंडावरून जाताना तो आतली हवा ओढून नेतो. तुम्ही मात्र घराचा आराखडा काढण्याआधी एक अख्खा दिवस तुमच्या जागेवर बसून राहा.' आमच्याकडे दुपारी झाडाचं पान हलत नाही, आणि ताई एकही दुपार अंगणात बसली नव्हती. ती आत बसून समुद्रकाठचे फोटो बघत होती.

"तुला हे कधीपासून माहीत होतं रे?" मी मापाड्याला विचारलं.

"एकवीस दिवसांपासून."

त्याला बादलीत बुडवावंसं वाटलं मला.

सोमवारी परीक्षकांनी रात्रीतून काळ्या रंगवलेल्या धुरांड्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "वालावलकरबाईंच्या पद्धतीनं केलंय म्हणता. त्यांची धुरांडी तर पांढरी असतात."

ताई शांतपणे म्हणाली, "त्यांच्या गावात वारा आहे, सर. आमच्या गावात ऊन आहे. त्यांनी त्यांच्या गावाला विचारलं, मी माझ्या."

"तेहतीस," मापाड्या म्हणाला.

हे मी शाळेत बांधलेल्या खऱ्या खोलीत बसून लिहितेय. पुढच्या वर्षीचा मार्च महिना आहे, बाहेर शेहेचाळीस. आणखी दोन गावांनी ताईला बोलावलंय. उद्या ती त्यातल्या एका गावी अख्खा दिवस नुसती बसायला जाणार आहे, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.

माझ्या बाकावर शेजारी माझी मैत्रीण अनुष्का बसलीय, खरीखुरी. तीन वर्षांचा राहिलेला चिमटा मी तिला आत्ताच काढला.