चौथा पाठ

सुलक्षणा शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवायची. मन हलकं व्हावं म्हणून कॉलेजनं यंदा सगळ्या विद्यार्थ्यांना एक ऑनलाइन कोर्स लावून दिला होता. समोर समुपदेशक नाही. ज्यानं त्यानं मोबाईलवर आठ पाठ आपापले करायचे.

तिच्या वर्गातली, निमोणे गावची नीलम तीन पाठ करून थांबली. "मॅडम, चौथा न्हाई करायचा मला. त्यात दम कोंडतो."

सुलक्षणानं हे प्राचार्यांच्या कानावर घातलं. "टाळायची कारणं आहेत ही," ते म्हणाले.

"आधी मी करून बघते, सर."

दुपारी तीनला सुलक्षणा रिकाम्या संगणक कक्षात बसली. पडदे ओढलेले, तापलेल्या प्लास्टिकचा वास. हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला. मायाळू, सावकाश.

"डोळे मिटा. श्वास सोडा..."

तिनं सोडला.

"अजून सोडा... अजून..."

'घ्या' असं तो आवाज म्हणेचना. आणि सुलक्षणाला श्वास घेताही येईना. तिनं हेडफोन ओरबाडून काढला. आवाज तिथंच होता, मानेपाशी, गार ओलसर.

"सगळंच सोडून द्या... कुणाला काय फरक पडतो..."

नीलमचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला आणि संताप उसळला. हीच बाई त्या पोरीच्या कानाशी बसली होती तर. छातीत उरलासुरला वारा होता तेवढ्यावर ती घोगऱ्या आवाजात स्वतःलाच म्हणाली, "नाही सोडणार. श्वास घे... घे म्हणते ना."

तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हवा घरघरत आत शिरली. कक्ष एकदम शांत झाला.

ती तशीच प्राचार्यांसमोर उभी राहिली. "चौथा पाठ आत्ता बंद करा. नाहीतर मी वर्गावर्गात जाऊन सांगते. मग खुशाल मला काढा."

तिचे निळे पडलेले ओठ बघून त्यांनी कोर्सवाल्यांना फोन लावला. पाठ बंद झाला.

ती बाहेर आली तोच नीलमचा फोन आला.

"मॅडम, सर रागावतील म्हणून मघाशी बसले मी चौथ्याला. दम गेलाच होता बघा. तवा तुमचा आवाज आला, 'श्वास घे' म्हणून. तुमच्यामुळं वाचले."

सुलक्षणा म्हणाली, "नीलम, मी तुला फोन केलाच नव्हता गं."

"मोबाईलमधनंच आला की. पण मॅडम..." ती घुटमळली. "तुमच्या मागं कोण बाई होती? त्या पाठातल्याच आवाजात आमच्या वर्गाची हजेरी घेत होती. माझं नाव आलं तवा मी गप्पच बसले..."

"मग?"

"तरी कुणीतरी 'हजर' म्हणालं."