अकराव्या फोटोतला हात

"'छायाचित्र क्रमांक अकरामध्ये अर्जदाराच्या डाव्या खांद्यावर जो हात दिसतो, तो हात कोणाचा आहे, याचा पंधरा दिवसांच्या आत खुलासा करावा...' ताई, ही काय भानगड आहे?"

परदेशी व्हिसा कचेरीतून आलेलं पत्र वाचता वाचता धाकट्याने मान वर केली, आणि ताईच्या हातातला कप बशीवर असा काही वाजला की तिला स्वतःलाच दचकायला झालं. कोणाचा हात! तो हात तर आत्ता, या क्षणी, याच बशीला धरून होता... पण सांगायचं कसं?

धाकट्याने लॅपटॉप उघडून अर्जाची प्रत काढली. "हा बघ अकरा नंबर. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या. हा मी, ही माझी बायको, आणि हा खांद्यावर हात. चार बोटं, थोडं मनगट, आणि मागे माणूसच नाही! भूतबित आहे की काय?" तो हसायला लागला, आणि हसता हसता एकदम थांबला. "थांब... इथं तर तू होतीस. माझ्या मागच्या पायरीवर. कुठे गेलीस तू?"

त्याने पुढचा फोटो उघडला. मग त्याच्या पुढचा. बाल्कनीतल्या फोटोत ताई नव्हती. जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्चीसुद्धा नव्हती. बागेतल्या बाकावर ती बसली होती तिथे गवत उगवलं होतं, आणि इतकं सुबक की माळ्यानेही फसावं! तीस फोटोंपैकी एकोणीस फोटोंत ती होती, आणि एकोणीसही फोटोंतून ती नाहीशी झाली होती... एक हात मागे ठेवून.

"ताई, हे तू केलंस?"

नाही म्हणून सांगणार कोणाला? गेली बावीस वर्षं ती एका फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करत होती. मिटलेले डोळे उघडायचे, टकलावर चार केस पेरायचे, रुसून समारंभाला न आलेल्या काकांना जुन्या फोटोतून उचलून घोळक्यात आणून उभं करायचं, हे सगळं तीच करायची. नको असलेल्या माणसाला घालवणं तर तिच्या डाव्या हातचा मळ होता. मालक गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या बाईंनी हात लावला की माणूस होता की नव्हता हे देवालाही कळायचं नाही!"

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा नऊ. त्याला तिने शिकवलं, वाढवलं, त्याच्या आजारपणात उशाशी रात्री काढल्या. एकदा एक बरं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "भावाचं काय करणार?" ताई म्हणाली, "त्याचं ठरलेलंच आहे. तुमचंच काय करायचं ते ठरवते," आणि तिने पाण्याचे पेले उचलले. तो विषय तिथेच संपला, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. निदान असं ती समजत आली होती.

धाकटा मोठा झाला आणि लिफ्ट दुरुस्त करायला लागला. एका इस्पितळात वर्षभराच्या कामासाठी परदेशातून आलेली एक फिजिओथेरपिस्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे पाऊण तास अडकली. धाकट्याने बाहेरून तिला धीर देत देत दार उघडलं, आणि लिफ्टमधून सुटलेली ती मुलगी याच्या संसारात कायमची अडकली! ताई पहिल्या दिवशी शेजारणीला "पाहुणी आलीय" असं म्हणाली होती, आणि तेच नाव तिला पडलं. नोंदणी पद्धतीने लग्न झालं, सहा महिने ती याच दोन खोल्यांत सून म्हणून राहिली, ताईच्या दुखऱ्या मानेला रोज व्यायाम करायला लावून तिने तिला हैराण केलं, तरी ती पाहुणीच. मग तिची मुदत संपली, ती मायदेशी परतली, आणि इकडे तिचा नवरा या नात्याने धाकट्याचा व्हिसाचा अर्ज सुरू झाला.

लग्न खरं आहे हे पटवायला फोटो हवे होते. व्हिसाचे सल्लागार जाता जाता बोलून गेले, "घरी मागे कोणी अवलंबून दिसलं की शंका येतात. फोटोत शक्यतो दोघंच बरी." त्याच संध्याकाळी धाकटा फोटो निवडायला बसला आणि अचानक त्याने सगळे बाजूला सारले.

"ताई, तू सगळीकडे आहेस गं! तुला इथं एकटं टाकून मी कसा जाऊ? जाऊ दे तो अर्ज. तिलाच म्हणू, तू परत ये."

त्या एका वाक्याने ताईच्या अंतःकरणात केवढा आनंद उसळला म्हणून सांगू! आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की ती उठून आत गेली. आपण बहीण आहोत की वैरीण? त्याचा संसार मोडून आपल्याला सोबत हवी आहे का? दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, डबा न उघडताच, तिने सगळे फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर घेतले आणि एकेका फोटोतून ती स्वतः बाहेर पडली. ना रहे बांस... अशी तिची त्या वेळची समजूत. कचेरीतल्या साहेबाला अडचण दिसायला नको आणि भावाला बहीण दिसायला नको. प्रिंट काढून पाकीट बंद करून, "अर्ज करायचाच" असं बजावत तिने ते त्याच्या हाती दिलं. त्याने तिच्यावर विश्वास टाकून ते न उघडताच सल्लागारांना पोचवलं.

"बोल ना ताई!" धाकट्याचा आवाज चढला. "बावीस वर्षांत तुझ्या कामात कधी एक केस राहिला नाही, आणि इथं अख्खा हात राहतो? आता ते म्हणणार फोटो खोटे, लग्न खोटं! मी जायला नको होतं तर तोंडाने सांगायचंस!"

"नाही रे, तसं नाही... तुझं भलं व्हावं म्हणूनच..."

"मग हात कसा राहिला? विसरलीस की मुद्दाम ठेवलास?"

"मला नाही ठाऊक!" ताई कशीबशी म्हणाली. "मधेच कोणी गिऱ्हाईक आलं असेल... घाईत राहिला असेल..."

"असेल!" तो तिरीमिरीत म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. दोन खोल्यांच्या घरात अबोला म्हणजे काय हे ज्याने धरलाय त्यालाच कळतं! "डबा ठेवलाय" हे ती भिंतीला सांगायची आणि "हं" असं भिंत म्हणायची. ताईच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत राहिला. खरंच, तो हात राहिला कसा? स्वतःच्या मनात डोकावून पाहावं तर तिथे नुसता धूर. कधी वाटे, आपण केवढा त्याग केला! कधी वाटे, कसला त्याग, हा तर दगा झाला. सकाळी ती स्वतःला निर्दोष सोडायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पकडून आणायची.

रविवारी सकाळी पाहुणीचा व्हिडिओ कॉल आला. धाकटा कामावर गेला होता. ताईने बोटाने पडद्यावरचं बटण दाबलं आणि मुद्दाम हसरा चेहरा केला, पण समोर पाहुणीचे डोळे सुजलेले होते.

"ताई, मी फाइल दोन महिने आधी बघितली," ती शब्द शोधत शोधत म्हणाली. "फोटोत कुठेच ताई नाही. मला वाटलं, ताईला माझ्याबरोबर उभं राहायचं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. मी फक्त रडले."

"अगं वेडे! तुमच्याचसाठी केलं मी ते! तुमच्या वाटेत माझी अडचण नको म्हणून..."

"माझ्यासाठी?" पाहुणीचा आवाज फुटला. "तिथे माझी दोनच माणसं होती, ताई. त्यातलं एक तू पुसून टाकलं!"

इतक्या दिवसांत ताई स्वतःपुरता विचार करत होती, भावापुरता करत होती. पण या परक्या पोरीच्या आयुष्यातून आपण काहीतरी उचलून नेलं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं! स्वतःला पुसायचा हक्क तरी आपला एकटीचा होता का?

"पोरी... चुकलं गं माझं," एवढंच ती म्हणाली, आणि पाहुणीने नाक पुसत लगेच विचारलं, "मानेचा व्यायाम करते का रोज?"

कचेरीत खुलाशासाठी दोघांना बोलावलं होतं. मूळचे फोटो घेऊन, आणि ज्याचा हात त्या व्यक्तीला घेऊन. काचेपलीकडे पिकल्या केसांच्या एक अधिकारी बसल्या होत्या आणि शेजारी चष्मेवाला दुभाषा. बाईंनी मूळचे एकोणीस फोटो आणि पुसलेले एकोणीस फोटो जोडीजोडीने मांडले आणि बराच वेळ पाहिले.

"बाई विचारतायत, हे काम कोणी केलं?" दुभाषा म्हणाला.

"मी. माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला काही बोलू नका."

"हात तुमचाच आहे हे दाखवता येईल? फोटोत होता तसा ठेवून दाखवा."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तेरा दिवस तो तिच्याकडे बघून धड एक शब्द बोलला नव्हता. आता त्याच्या खांद्याला हात लावायचा तर परवानगी मागावी का? ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. हात उचलला, पुन्हा खाली घेतला, आणि मग हळूच, तापलेल्या तव्याला लावावा तसा, त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवला. बाईंनी फोटोतलं बोट पाहिलं, समोरचं बोट पाहिलं. दोन्हींच्या मागे भाजल्याचा तोच लांबट डाग होता. धाकट्याच्या हायस्कूलच्या पहिल्या दिवशी गणवेशाला इस्त्री करताना तो पडला होता.

आणि हाताखाली काहीतरी हललं. आधी ताईला वाटलं, आपलाच हात कापतोय. पण नाही... धाकट्याचा खांदा गदगदत होता!

"शेवटचं विचारतायत," दुभाषा जरा घुटमळला. "तुमच्या भावाने जावं असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं," ताई म्हणाली. मग घाईने म्हणाली, "नाही वाटत. म्हणजे... सकाळी वाटतं जावं, त्या पोरीचा जीव तिथे एकटा झुरतोय. संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक करायला घेतला की वाटतं, कशाला जायचंय? खोटं कसं बोलू साहेब! मला दोन्ही वाटतं. पण तो गेला नाही तर मी स्वतःला क्षमा करणार नाही, आणि गेला तर... तर करमणार नाही. एवढंच मला ठाऊक आहे."

दुभाष्याने हे सगळं कसं सांगितलं देव जाणे. त्याला मधे एकदा चष्मा काढून पुसावा लागला. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पुसलेले फोटो परत केले, मूळचे ठेवून घेतले, आणि दोन शब्द बोलल्या.

"म्हणतायत, असं कोणी शिकवून पाठवत नाही," दुभाषा म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर येताच धाकट्याने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, मी तुला नाही नाही ते बोललो गं..."

"बोललास कुठे? बोलत नव्हतास, त्याचंच दुःख होतं," ताई म्हणाली, आणि मग दोघंही रडता रडता हसायला लागली.

तीन आठवड्यांनी व्हिसा आला. निघायच्या आदल्या दुपारी धाकटा बॅग भरत होता आणि ताई त्याच्या शर्टांच्या घड्या उलगडून पुन्हा घालत होती, कारण त्याच्या घड्या तिला कधीच पटल्या नव्हत्या.

"ताई, अकरा नंबरचा फोटो दे ना."

"दिलाय की. सगळ्यांची दुसरी प्रत पाकिटात आहे."

"तो नव्हे. हाताचा."

"तो? अरे, बिघडलेलं काम आहे ते! परमुलखात भिंतीवर टांगून माझी अब्रू घालवणार आहेस का? लोक म्हणतील, याच्या बहिणीला साधं रिटचिंग येत नाही!"

"मला तोच हवा."

कुरकुरत ताईने कपाटाच्या खणातून तो फोटो काढला आणि देण्याआधी एकदा नजरेखालून घातला. आणि तिला ती दुपार लख्ख आठवली. चेहरा गेला होता, केस गेले होते, बाही, कोपर, सगळं भराभर गेलं होतं. मग माऊस त्या चार बोटांवर येऊन थांबला होता. स्टुडिओत पंखा घरघरत होता, दाराची घंटा एकदाही वाजली नव्हती. त्या दुपारी कोणीच गिऱ्हाईक आलं नव्हतं. ती कितीतरी वेळ त्या बोटांकडे पाहत बसली होती, आणि मग तिने फोटो तसाच प्रिंटला पाठवला होता.

"हा राहिला नव्हता रे," ती अगदी हळू म्हणाली. "मला पुसवला नाही."

हातातला शर्ट बाजूला ठेवून धाकटा तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिच्याकडे पाठ करून, लहानपणी केस पुसून घ्यायला बसायचा तसा. त्याचा डावा खांदा तिच्या हाताशी आला होता.