सिम्हाचा मुलगा हिज्किया

हिज्किया मेला, हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. कारण हिज्किया जेरुसलेममध्ये धाकट्या भावाच्या घरी बसून कुब्ब्याच्या, म्हणजे खिमा भरलेल्या गोळ्यांच्या, रश्शाची तिसरी वाटी संपवतोय.

अर्थात आता त्याला हिज्किया म्हणायचं नाही. जूनमध्ये तो तापाने इतका खंगला, की डॉक्टर त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलू लागले. तेव्हा प्रार्थनाघरात दहा पुरुष जमले आणि ज्यूंच्या रीतीप्रमाणे त्याचं नाव बदललं. मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो. त्या नावाचा माणूसच घरात नसला तर बिचारा करणार काय? हिज्किया, म्हणजे 'देव बळ देतो', त्याचा यहिएल झाला: 'देव जगवो'. चौथ्या दिवशी यहिएलने लोणच्यातली काकडी मागितली.

धाकटा ओवाद्या सरकारी नोंदणी कचेरीत कारकून. भावाचं नवं नाव त्यानेच चढवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिडकीसमोर एक गृहस्थ उभे राहिले. भर उन्हाळ्यात लोकरी कोट, आणि घामाचा थेंब नाही. हातातल्या नंबराच्या चिठ्ठीवर तारीख उद्याची.

"हिज्किया. आईचं नाव सिम्हा. घरी जाऊन आलो, तिथे दुसराच कुणी निघाला."

ओवाद्या चपापला. कचेरीत सगळे बापाचं नाव सांगतात. आईचं नाव घेतात ते आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना.

"असा कुणी नाही," तो म्हणाला.

"तुमचं नाव काय?"

"ओवाद्या."

"देवाचा चाकर." गृहस्थ हसले. "म्हणजे आपण एकाच खात्यातले. जुन्या नावांचं हेच बरं असतं हो, एकेक नाव म्हणजे पुरं वाक्य. हल्ली लोक मधेच खोडतात."

मग ते बाकावर जाऊन बसले. चार दिवस बसले. कचेरीत उभं राहायला जागा नव्हती, पण त्यांच्या शेजारी कुणी टेकलं नाही.

पाचव्या दिवशी ते परत खिडकीशी आले. "नाव नाही सापडलं तर आईवरून शोधायचं, असा नियम आहे. सिम्हाला मुलं किती?"

ओवाद्याचा शिक्का शाईच्या डबीतच राहिला. 'दोन' हा शब्द ओठांपर्यंत आला होता; दुसरा तो स्वतःच. त्याने तो गिळला आणि संगणकात शोधायला घेतलं. अख्ख्या देशात आणखी एकच जुळलं. सिम्हाचा मुलगा हिज्किया, वय एक्केचाळीस, फरशा बसवण्याचं काम, बेर शेबा.

पत्ता त्याने सुंदर अक्षरात लिहून दिला. वर खूणही लिहिली: बेकरीच्या मागे.

"उपकार झाले," गृहस्थ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाकावर दाटीवाटीने लोक बसले होते.

चौथ्या दिवशी ओवाद्या बसने बेर शेबाला गेला. बेकरीच्या मागे. आरसे झाकलेले, घरातली माणसं सुतकात बुटक्या स्टुलांवर बसलेली.

"धडधाकट होते हो," त्या हिज्कियाची बायको सांगत होती. "काकडी चिरत होते. दारात कुणीतरी नाव विचारलं. मग आईचं विचारलं. ह्यांना बरं वाटलं. म्हणाले, बघ, कुणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करतंय." तिने डोळे पुसले. "तुम्ही कसे ओळखता ह्यांना?"

"कामानिमित्त," ओवाद्या म्हणाला.

तिने त्याच्या हातात सुतकात खातात ते उकडलेलं अंडं ठेवलं. त्याने ते खाल्लं.

घरी भाऊ म्हणाला, "अरे, तोंड का असं? मरता मरता राहिलो तो मी, आणि सुतकी चेहरा तुझा!"

सकाळी ओवाद्याने अर्ज लिहिला आणि इतरांसारखा नंबर घेतला. चिठ्ठीवर तारीख उद्याची होती.

विषय: पत्ता चुकीचा दिल्याबाबत.

महोदय, बेर शेबा येथील हिज्किया यांना या कचेरीच्या चुकीमुळे नेण्यात आलं आहे. तरी सुतकाचे सात दिवस संपण्याआधी त्यांना घरी परत पाठवावं, ही नम्र विनंती. बदली माणूस लागत असल्यास, सिम्हाचा धाकटा मुलगा रोज आठ ते दोन याच खिडकीवर हजर असतो.