हंगाम संपण्याची तारीख

शुंगला स्की केंद्र. बर्फवार्ता, ११ जून.
माथा : २१० सेंमी. पायथा : ९५ सेंमी.
हवा : अधिक सात अंश.
बर्फ : ताजा, भुसभुशीत.
हंगाम संपण्याची तारीख :

इथे कुमुद खांबेटेचा हात थांबला. गेली तीन वर्षं ही वार्ता तीच लिहायची, कारण हा बर्फ तिचाच होता.

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे शाळेत शिकवतात. कुमुदने एक जिवाणू घडवला. त्याच्या अंगावरच्या प्रथिनावर पाण्याचे रेणू मुकाट रांगेत बसतात आणि आठ अंशांनाही गोठतात. असा बर्फ वितळायलाही तितकीच ऊब लागते. ढगात चिमूटभर फवारलं की झालं. तिने त्याला नाव दिलं हिमविरजण.

नाव फार गोड होतं. तिथेच घात झाला.

तीन वर्षांपूर्वी, खालच्या रंगचा नावाच्या गावातल्या सभेत :

"दुधाला विरजण लावतो ना, तसं ढगाला," कुमुद म्हणाली होती.

डोल्मा आमा, म्हणजे डोल्माआई, केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळायची. मराठी सहलींना जेवू घालता घालता ती मराठी शिकली होती. मागच्या रांगेतून तिने विचारलं, "ताई, पण कालच्या दह्याने आजचं दूध लागतं. तुमच्या बर्फाचं तसंच का?"

सभा हसली. सगळ्यांत मोठ्याने कुमुद. "अहो आमा, आमचे जिवाणू मारलेले असतात. मेलेलं विरजण लागतं का कधी?"

सगळे मेले नव्हते.

वितळलेलं पाणी जगलेल्यांना घेऊन ओढ्यात गेलं, ओढ्याचं पाटात, पाटाचं जर्दाळूच्या मुळांत, आणि झाडांवरून वाऱ्याबरोबर ते पुन्हा ढगांत. यंदा ढगांवर फवारणी झालीच नव्हती. तरी बर्फ पडत होता.

कुमुदच्या खोलीचं दार वाजलं. डोल्मा वाटी घेऊन उभी.

"ताई, दही. खा. तुमच्या विरजणाचं नाही, माझ्या घरचं आहे."

"आमा, झाडं...?"

"कळ्या काचेसारख्या झाल्या. बोट लावलं की टिचतात." तिने वाटी टेबलावर ठेवली. "सून विचारते, पेरणी कधी? मी म्हटलं, ताईंना विचारते. त्या रोज लिहितात ना."

आवाजात राग नव्हता. असता तर कुमुदला बरं वाटलं असतं.

"तुम्ही विचारलं होतंत," कुमुद पुटपुटली.

"तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले. शिकलेल्या बाईला कळत असणार म्हटलं."

डोल्मा गेल्यावर कुमुदने वार्ता पूर्ण केली.

हंगाम संपण्याची तारीख : नाही. बर्फ आता आपणहून लागतो आहे. थांबवायचा कसा, मला माहीत नाही. खालच्या गावात पेरणी होणार नाही. रंगचाच्या डोल्मा आमांनी हा धोका तीन वर्षांपूर्वी सांगितला होता. मी हसले होते. कुमुद खांबेटे.

तिने ती पाठवली, आणि नोकरी जाईल, चौकशी होईल, लोक थुंकतील, याची वाट पाहत बसली. त्यात थोडा दिलासाही होता.

खालच्या दालनातल्या मोठ्या फलकावर बर्फवार्तेच्या फक्त पहिल्या पाच ओळी मावत. पाचवी ओळ 'नाही'पाशी संपली.

 मग कोणीतरी शिट्टी मारली, आणि स्कीसाठी आलेल्या पाहुण्यांचं अख्खं दालन टाळ्या वाजवू लागलं.

टाळ्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. डोल्मा तव्यावरून वळली आणि, सगळे खूश आहेत म्हणून, तीही हसली.