बटाट्याची जाड सालं

“थांबा, थांबा! तिथे नका ओतू!”

बादली तिरकी धरून तो उंच तरुण जागच्या जागी थबकला. पायाशी टोमॅटोची कोवळी रोपं होती आणि बादलीतलं कलिंगडाचं पाणी थेंब थेंब त्यांच्यावर गळत होतं.

“रोपांवर नाही, ढिगावर,” ती धावत येत म्हणाली. “आधी ढिगात खड्डा करायचा, मग ओलं ओतायचं आणि वर सुका पाला. एक बादली ओलं, दोन टोपल्या सुकं. राहील लक्षात?”

“राहील,” तो म्हणाला. “पण... उद्या पुन्हा एकदा सांगाल?”

ती हसली नाही. म्हणजे, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत तरी नाही.

चार इमारतींच्या मधल्या त्या मोकळ्या तुकड्यावर चाळीस घरांच्या स्वयंपाकघरांतला कचरा येई. त्याचं खत होई आणि त्याच खतावर तिथले भाजीचे वाफे वाढत. ती सकाळी रोपवाटिकेत नोकरी करी आणि उरलेला वेळ इथे. सगळे तिला ‘खतताई’ म्हणत. बादलीत डोकावून तिला घर कळायचं... कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची भाजी करपली, कोण भांडून जेवायचं राहिलं.

हा तरुण कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्या आत्यांचा भाचा. नवा स्वयंपाकी. पहिले काही दिवस तो दिवसातून एकदाच आला. मग सकाळ-संध्याकाळ येऊ लागला.

ढिगात एक लोखंडी सळई रोवलेली असे. ती उपसून हाताला लावायची. गरम लागली, की आत सगळं नीट चाललंय असं समजायचं.

“बघा बरं,” एकदा तिने सळई पुढे केली.

त्याने हलकेच बोटं टेकवली. तिच्या बोटांपासून जेमतेम वीतभर अंतरावर.

“छान आहे,” तो म्हणाला. “म्हणजे... सळई.”

“मी सळईबद्दलच विचारलं होतं,” ती म्हणाली आणि उगाचच पाला चाळू लागली.

दोन आठवड्यांनी एका सकाळी तिने सळई उपसली, तर ती थंडगार. फावडं घातलं, तर आत काळा चिखल आणि नाक धरावं असा वास. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष काका नाकाला रुमाल लावूनच आले.

“आठ दिवस देतो,” ते म्हणाले. “वास गेला नाही, तर ढीग कचऱ्याच्या गाडीत आणि ही जागा गाड्या लावायला.”

तीन वर्षं एकेका दारावर जाऊन तिने बादल्या मागितल्या होत्या. चिखल उपसताना तिच्या हाताला बटाट्याची सालं लागली. एकेक साल करंगळीएवढी जाड! ढिगाच्या कडेला तर त्यातल्या काहींना कोंबही फुटले होते. सालीबरोबर बटाट्याचे डोळे निघाले, की दुसरं काय होणार?

संध्याकाळी तो आला, तशी तिने एक साल त्याच्या तळहातावर ठेवली.

“हात दुखावलाय का तुमचा?”

“नाही. का?”

“मग ही साल आहे की फोड?”

त्याचे कान लाल झाले. “आत्यापण तेच म्हणते. बटाटा सोलतोस की लाकूड तासतोस म्हणून.”

“मी काहीतरी विचारलं.”

“पातळ सोललं, तर... बादली दिवसातून एकदाच भरते,” तो खाली बघत म्हणाला. “आणि एकदा भरली, तर एकदाच यायला मिळतं.”

रागाचे शब्द तिच्या अगदी ओठांवर होते. ते कुठे गेले, तिलाच कळेना.

“ओलं दुप्पट झालं आणि सुका पाला संपला,” ती हळूच म्हणाली. “ढीग गुदमरलाय. हा गेला, तर माझं सगळंच...”

“नाही जाणार,” तो म्हणाला आणि बाह्या वर केल्या. “काय करू, सांगा.”

मग रोज ढीग वरखाली करायचा, आत हवा खेळवायची. तो शाळेच्या आवारातून पाल्याची पोती वाहून आणी, खाणावळीतले अंड्यांचे पुठ्ठे फाडून घाली. चौथ्या दिवशी भर दुपारी पाऊस आला. ताडपत्रीची दोन टोकं तिने धरली, दोन त्याने. ढीग कोरडा राहिला... ती दोघं चिंब. त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळला. तो तिने पाहिला आणि तिने पाहिल्याचं त्याने पाहिलं.

सहाव्या दिवशी सळई कोमट लागली. सातव्या दिवशी गरम.

आठव्या दिवशी काका आले, रुमाल काढला, हुंगलं आणि रुमाल खिशात ठेवला. “माझ्या कुंड्यांना एक पिशवी मिळेल का गं?” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोपवाटिकेत असताना तो बादली रिती करून गेला. संध्याकाळी पुन्हा आला. हातात बादली, आत काहीच नाही.

“रिकामी?”

“आता पातळ सोलतो ना. सकाळीच संपलं सगळं.”

“मग आणलीत कशाला?”

“नुसत्या हातांनी यायचा धीर होईना.”

“चूक एकट्या तुमची नव्हती,” ती म्हणाली. “पाला संपत आलाय, हे मला दिसायला हवं होतं. पण तुम्ही आलात, की मी... ढिगाकडे बघतच नव्हते.”

“मग कुठे बघत होतात?”

तिने त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि भिंतीशी पालथी ठेवली.

“उद्या बादली आणू नकोस,” ती म्हणाली. “तसाच ये.”

ते कोंब फुटलेले तुकडे दोघांनी मिळून एका वाफ्यात लावले. तीन महिन्यांनी माती उकरली, तर टोपलीभर बटाटे निघाले, लहान लहान, गुळगुळीत. तो खाणावळीच्या ओट्याशी सुरी घेऊन बसला. शेजारी आत्या मिश्कील हसत उभ्या.

तिने त्याच्या हातातली सुरी हलकेच काढून घेतली.

“हे सोलायचे नाहीत,” ती म्हणाली. “नुसते धुऊन उकडायचे. सालीसकट.”